कर्जतचा तांदूळ कोणत्या दुकानात मिळतो?

मुंबईच्या किंवा पुण्याच्या कोणत्याही बऱ्यापैकी धान्याच्या दुकानात जावे आणि तांदळाची चौकशी करावी. इंद्रायणी मिळतो, वाडा कोलम मिळतो, आंबेमोहोर ह्या नावाने जे काही विकले जाते तेही मिळते, आणि बासमतीच्या प्रतींची तर गणतीच नसते. परंतु 'कर्जतचा तांदूळ आहे काय?' असा प्रश्न केल्यास दुकानदार बुचकळ्यात पडल्यावाचून राहणार नाही. ज्या गावी १९१९ साली भाताच्या संशोधनाचे केंद्र स्थापन झाले आणि ज्या गावाचे नाव धारण करणारी भाताची वाणे गेली अनेक दशके कोकणच्या खाचरांतून पिकत आली, त्या गावाच्या नावाचा तांदूळ तेथून अवघ्या शंभर किलोमीटरवरील महानगरात कोणाला नाव घेऊन मागता येत नाही, ही गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. आमच्या मते ती क्षुल्लक नाही. शेतीच्या आणि मत्स्यव्यवसायाच्या क्षेत्रात आपण शोध लावतो, त्यांची प्रात्यक्षिके करतो, त्यांवर परिसंवाद भरवितो. आणि शोध शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचला की आपले कर्तव्य संपले असे मानतो. बांधापासून बाजारापर्यंतची वाट कोणी बांधावयाची, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. कर्जत आणि खालापूर ह्या दोन तालुक्यांत त्याचे जितके स्पष्ट दर्शन घडते तितके अन्यत्र क्वचितच घडत असेल.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. परंतु समुद्रकिनारा, नारळी-पोफळी आणि कोळीवाडे असे जे चित्र ह्या जिल्ह्याच्या उल्लेखासरशी डोळ्यांपुढे येते, त्यात कर्जत-खालापूर बसत नाहीत. येथे आहेत ती भाताची खाचरे, डोंगरउतारावरील वरकस जमिनीतील नाचणी आणि वरी, भात कापल्यावर मागे राहिलेल्या ओलीवर घेतलेला वाल, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, आणि घाटमाथ्यावरून उतरणारे पाणी. ह्या पाण्याचाही एक इतिहास आहे. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. माथ्यावरील तलावांत अडविलेले पाणी जनित्रे फिरवून खाली आले, ते एकीकडे पाताळगंगेला आणि दुसरीकडे उल्हास नदीच्या खोऱ्याला मिळाले. भिवपुरीच्या ह्याच पाण्यावर राजनाला कालवा वाहतो आणि कर्जत तालुक्याच्या काही भागात पावसाळी भातामागून उन्हाळी भातही उभा राहतो. मुंबईच्या कारखान्यांसाठी अडविलेल्या पाण्याने कोकणच्या शेतकऱ्याला दुसरे पीक द्यावे, हा योग विरळाच म्हटला पाहिजे.

अशा भूमीत भातसंशोधनाचे केंद्र असणे हे ओघानेच आले. १९७२ साली दापोली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आज डॉ. बाळासाहेब सावंत ह्यांचे नाव धारण करणाऱ्या त्या विद्यापीठाच्या कक्षेत कर्जतचे केंद्र आहे. 'कर्जत-१८४' पासून 'कर्जत-२', 'कर्जत-३', 'कर्जत-५', 'कर्जत-७' अशी जी वाणे तेथून बाहेर पडली, त्यांच्या क्रमांकांमागे फार मोठे परिश्रम आहेत. शहरातील वाचकाला सगळा भात सारखाच दिसतो. शेतकऱ्याला तो तसा दिसत नाही. पाऊस ओसरताच सुकणाऱ्या उंच खाचरांना लवकर पिकणारा हळवा भात लागतो. पाणी धरून ठेवणाऱ्या सखल खाचरांत उशिरा येणारा गरवा भात चालतो. आणि मधल्या जमिनींसाठी निमगरव्याची योजना असते. वाण बुटके असावे म्हणजे वाऱ्यापावसाने लोळत नाही, दाणा शिजल्यावर मोकळा अथवा मऊ कसा हवा ते घराघरांवर अवलंबून, आणि करपा व खोडकिडा ह्यांच्यापुढे त्याने टिकाव धरला पाहिजे, हे वेगळेच. ह्या सर्व अटी एका ओंबीत जुळवून आणण्यास वर्षानुवर्षे लागतात. १९९८ साली कर्जतहून 'सह्याद्री' हे संकरित वाण प्रसारित झाले, तेव्हा सार्वजनिक संस्थेलाही हे कठीण शास्त्र साधते, ह्याचा पुरावाच मिळाला.

शोध केवळ सरकारी केंद्रातच लागतात असेही नाही. नेरळजवळच्या सगुणा बागेत श्री. चंद्रशेखर भडसावळे ह्यांनी विकसित केलेले 'सगुणा राइस तंत्र' आज महाराष्ट्रात पुष्कळ शेतकऱ्यांच्या परिचयाचे झाले आहे. शेकडो वर्षे आपला भातशेतकरी राब भाजतो, रोप वाढवितो, नांगरून आणि चिखलणी करून खाचर तयार करतो, आणि भर पावसात कमरेत वाकून लावणी करतो. सगुणा तंत्राने ह्या क्रमातील राब, चिखलणी आणि लावणी ह्या तिन्ही पायऱ्याच काढून टाकल्या. एकदा घातलेले गादीवाफे कायम ठेवावयाचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडून त्यांत बी टोकावयाचे, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची, असा त्याचा थोडक्यात आशय. जमीन न नांगरल्यामुळे गांडुळे टिकतात, मातीचा कस वाढतो आणि मजुरीत मोठी बचत होते, असा ह्या तंत्राच्या पुरस्कर्त्यांचा अनुभव आहे. तणनाशकांवरील त्याची भिस्त हा आक्षेपाचा विषय आहे, हे येथे सांगितले पाहिजे. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ साली निर्बंध घातल्यानंतर त्या आक्षेपाला अधिकच धार आली. तथापि एका शेतकऱ्याने आपल्या शेतात काढलेली युक्ती दुसऱ्याने पाहिली, तिसऱ्याने उचलली, आणि ती जिल्ह्याच्या सीमा ओलांडून गेली, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

आता येथे एक प्रश्न उभा राहतो. सगुणा तंत्र ज्या वेगाने पसरले त्या वेगाने कर्जतच्या भाताचे नाव का पसरले नाही? आमच्या मते ह्याचे उत्तर दोन प्रकारच्या शोधांमधील भेदात आहे. जो शोध खर्च वाचवितो त्याचे फळ शेतकऱ्याला शेतातच मिळते. मजूर कमी लागले, नांगरटीचे भाडे वाचले, की त्या दिवशी त्या शेतकऱ्याच्या खिशात तेवढे पैसे राहिले; त्यासाठी व्यापाऱ्याची संमती लागत नाही. असा शोध स्वतःच्या पायांनी चालतो. परंतु जो शोध मालाचा गुण वाढवितो त्याची गोष्ट निराळी आहे. दाणा अधिक बारीक झाला, शिजण्यास चांगला झाला, चव सुधारली, तरी कोणीतरी तो गुण ओळखून त्याची वेगळी किंमत मोजल्याखेरीज शेतकऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. अशा शोधाला बाजार हवा; आणि बाजार हा केवळ जागेचा प्रश्न नाही, तो ओळखीचा प्रश्न आहे.

ही ओळख कोठे पुसली जाते ते पाहण्यासाठी भाताच्या पोत्यामागून थोडे चालत जावे लागेल. शेतकऱ्याने बियाण्याची पिशवी आणली तेव्हा तिच्यावर वाणाचे नाव स्पष्ट छापलेले होते. शेतात उभ्या पिकाला तो त्याच नावाने ओळखत होता. मळणी झाली, पोती भरली. बहुतेकांची जमीन काही गुंठ्यांची अथवा एकदोन एकरांची. घरचे खाणे ठेवून विकावयास उरतात ती थोडीच पोती. ती भातगिरणीवर किंवा व्यापाऱ्याच्या वखारीत जातात आणि तेथे शेजारच्या दहा शेतकऱ्यांच्या दहा प्रकारच्या भाताच्या राशीत मिसळतात. हळवा आणि गरवा, जाड आणि बारीक, सर्व एकत्र भरडले जाते. आकारात मेळ नसलेला भात एकाच वेळी भरडला की कणी अधिक पडते, हे कोणताही गिरणीवाला सांगेल. जुन्या हलरवर तर ती आणखीच पडते. त्या राशीतून जे बाहेर येते त्याचे नाव फक्त 'तांदूळ'. शास्त्रज्ञाने बारा-पंधरा वर्षे खपून जी विशेषता दाण्यात आणली, ती गिरणीच्या एका फेरीत निनावी होते.

सरकारची आधारभूत खरेदी हा तरी ह्याला अपवाद असावा, अशी अपेक्षा कोणी केल्यास ती गैर म्हणता येणार नाही. कारण वाण सरकारचे, केंद्र सरकारी आणि खरेदीही सरकारी. परंतु तेथेही भाताचे प्रकार दोनच : साधारण आणि 'अ' दर्जा. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण भाताचा आधारभूत दर क्विंटलला २,३६९ रुपये आणि 'अ' दर्जाच्या भाताचा २,३८९ रुपये ठरला. म्हणजे गुणवत्तेची किंमत क्विंटलमागे वीस रुपये! ह्या दराने शेतकऱ्याला पडत्या भावापासून संरक्षण मिळते, आणि ते आवश्यकच आहे. त्यावर आमचा आक्षेप नाही. परंतु जे राज्य एका हाताने नवीन वाणांच्या संशोधनावर खर्च करते आणि दुसऱ्या हाताने ती सर्व वाणे एकाच काट्यावर, एकाच ढिगात मोजून घेते, त्याने शेतकऱ्याने चांगले वाण का लावावे ह्याचे उत्तर देणे कठीण आहे. 'सह्याद्री'सारख्या संकरित वाणाला तर हा प्रश्न अधिकच जाचतो. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते, त्याचे बीजोत्पादन कौशल्याचे आणि खर्चाचे असते. त्याच्या तांदळाला साध्या तांदळाचाच भाव मिळणार असेल, तर अधिक उत्पन्नातून बियाण्याचा वाढीव खर्च भागतो किंवा नाही एवढाच हिशेब शेतकरी करणार. आणि पाऊसपाण्याचा भरवसा नसताना तो हिशेब पुष्कळदा जमत नाही.

हे असेच असावयाचे, असे म्हणून कोणी हात झटकील तर त्याला आम्ही घाट चढून मावळात येण्याचे आमंत्रण देऊ. खोपोलीहून बोरघाट चढला की लोणावळा, आणि पुढे काही मैलांवर वडगाव मावळ. तेथेही असेच एक सरकारी भातसंशोधन केंद्र आहे. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येते. आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ ह्यांच्या संकरातून तेथे निर्माण झालेले वाण १९८७ साली 'इंद्रायणी' ह्या नावाने प्रसारित झाले. आज पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत इंद्रायणीचा भात हा शब्दप्रयोग रुळला आहे. गृहिणी त्याचे नाव घेऊन तो मागते आणि त्यासाठी चार पैसे अधिक मोजते. त्याचा सुवास आणि मऊपणा हे त्याच्या यशाचे पहिले कारण खरे. परंतु त्याला क्रमांकाऐवजी नदीचे नाव मिळाले, पुण्यासारखे शहर जवळ होते, आणि मावळातील शेतकऱ्यांनी व व्यापाऱ्यांनी तो वेगळा ठेवून वेगळा विकला, ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत. क्रमांकावर प्रेम करणे ग्राहकाला जमत नाही. 'कर्जत-७' हे नाव शास्त्रज्ञांच्या नोंदवहीत शोभते; स्वयंपाकघरात त्याला दुसरे काही नाव लागेल.

मत्स्यव्यवसायाकडे वळल्यास हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात दिसतो. कारण भात वखारीत थांबू शकतो, मासा थांबत नाही. ह्या तालुक्यांना समुद्र नाही. परंतु नद्या आहेत, ओढे आहेत, लहानमोठे बंधारे व जलाशय आहेत, आणि आता शेततळीही झाली आहेत. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ओढ्यांतून चढणाऱ्या वलगणीच्या माशांवर येथील कातकरी आणि ठाकर पिढ्यान्‌पिढ्या पोसले. त्या जोडीला तळ्यांत कटला, रोहू आणि मृगळ वाढवून शेतकऱ्याला जोडधंदा मिळवून द्यावा, ही कल्पना आता नवीन राहिलेली नाही. खोपोलीला शासकीय मत्स्यबीज केंद्र आहे. मुंबईत १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीस आहे. ज्ञानाचा तुटवडा आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही.

एकच उदाहरण पुरे आहे. कोकणातील अनेक तळी बारमाही नाहीत. पावसाळ्यात भरलेले तळे फाल्गुन-चैत्रात तळ गाठते. जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेले इवलेसे बीज तेवढ्या अवधीत विक्रीयोग्य वजनाचे होत नाही आणि शेतकरी निराश होऊन तळ्याकडे पाठ फिरवितो. ह्यावर मत्स्यशास्त्राने उपाय शोधला आहे. बोटुकली वर्षभर दाटीत आणि बेताच्या खाद्यावर ठेवून तिची वाढ रोखावयाची, आणि मग ती मोकळ्या पाण्यात सोडावयाची. अशी बोटुकली मागील कसर भरून काढीत झपाट्याने वाढते. हंगामी तळ्यांसाठी हा उपाय अत्यंत उपयुक्त आहे. परंतु त्यासाठी आदल्या वर्षीपासून बोटुकली सांभाळून ठेवणारा कोणीतरी हवा. राजनाल्याच्या आसपास ज्यांना बारमाही पाणी आहे अशा शेतकऱ्यांनी बोटुकली सांभाळावी आणि हंगामी तळेवाल्यांना ती विकावी, अशी विभागणी ह्या भागात सहज करता येण्यासारखी आहे. बीज केंद्राने बीज द्यावे, काहींनी ते वाढवावे, इतरांनी मासा तयार करावा. हा एक लहानसा बाजारच झाला, आणि तो तालुक्यातल्या तालुक्यात उभा राहू शकतो.

पुढची पायरी विक्रीची. तळी एकाच वेळी आटतात, म्हणून मासाही एकाच वेळी निघतो. ज्याच्याजवळ बर्फ आणि वाहन आहे तो व्यापारी ठरवील तो भाव, कारण दुपारपर्यंत मासा विकला गेला नाही तर त्याचे काय करावयाचे हे शेतकऱ्याला ठाऊक नसते. आंध्रातील तळ्यांतला रोहू-कटला बर्फात बसून शेकडो मैलांचा प्रवास करून मुंबईच्या बाजारात येऊ शकतो आणि कर्जतचा मासा शंभर किलोमीटर येऊ शकत नाही, ह्यात अंतराचा दोष नाही; व्यवस्थेचा आहे. व्यवस्था असली म्हणजे नको ते सुद्धा कसे विकले जाते ह्याचेही उदाहरण जवळच आहे. आफ्रिकी मागूर, ज्याला बाजारात मांगूर म्हणतात, त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे; राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली त्याविषयी पुन्हा बजावले. तरीही ठाणे-रायगड पट्ट्यात त्याची चोरटी तळी सापडत राहिली आणि ती नष्ट करावी लागली. स्थानिक माशांचा फडशा पाडणाऱ्या ह्या बेकायदा माशाला पिल्ले पुरविणारा, खाद्य पुरविणारा, उचलून नेणारा आणि रोख पैसे देणारा अशी सगळी साखळी मिळाली. कायद्याने वाढविलेल्या रोहूला ती मिळाली नाही. ह्यापेक्षा बोचरे भाष्य आमच्या नियोजनावर दुसरे कोणते हवे?

हा केवळ चार पैशांच्या भावफरकाचा वाद आहे, अशी कोणाची समजूत असल्यास तिचे निरसन केले पाहिजे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. कर्जत आणि खोपोली येथवर उपनगरी गाड्या धावतात. ह्या दळणवळणामुळे शेतमालाला बाजार जवळ आला नाही, परंतु शेतजमिनीला मात्र गिऱ्हाईक फार जवळ आले. भाताच्या खाचरांवर कुंपणे पडत आहेत. कुंपणांवर विश्रामगृहांच्या आणि 'सेकंड होम'च्या पाट्या लागत आहेत. ज्या शेतकऱ्याला भाताच्या हंगामाअखेर हाती काय उरते ते ठाऊक आहे, त्याने जमीन विकली म्हणून त्याला दूषण देण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्याने विकलेली जमीन घेणारे बहुधा आमचे वाचकच आहेत. परंतु एकदा खाचर भरून गेले, बांध फोडला, पाण्याची वाट बुजली, की त्या जागी पुन्हा भात होत नाही. शंभर वर्षांच्या संशोधनाने तयार झालेली वाणे मग कोठे पेरावयाची? शोध बाजारापर्यंत पोहोचविण्याचा प्रश्न म्हणूनच जमीन शेतीत टिकविण्याचा प्रश्न आहे. शेती परवडली तरच ती राहील. कायद्याच्या कलमांनी ती फार काळ राहणार नाही.

ह्यावर असे म्हटले जाईल की, योजना पुष्कळ आहेत. खरेच आहेत. केंद्र सरकारने २०२० साली दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना आखली. त्याच वर्षी मत्स्यसंपदा योजना सुरू झाली. आणि २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ह्या निर्णयांचे आम्ही स्वागत करतो. परंतु योजना यंत्रसामग्रीला अनुदान देते. गिऱ्हाईक देत नाही. गिरणी आली, शीतपेटी आली, उद्घाटनाची फीत कापली गेली, आणि पुढे ती चालवावयास हिशेबनीस नाही, खेळते भांडवल नाही, माल घेणारा ठरलेला नाही, अशी गत होऊ नये. दुसरा आक्षेप असा येईल की, नाव मोठे झाले म्हणजे लाभ व्यापाऱ्याचा होतो. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. इंद्रायणीच्या नावाखाली विकला जाणारा प्रत्येक दाणा इंद्रायणीचाच असतो असे छातीठोकपणे कोण सांगेल? वाडा कोलम आणि अलिबागचा पांढरा कांदा ह्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, हे शेजारच्या उत्पादकांचे मोठेच यश. तरी मानांकनाचा कागद आणि त्यामुळे मिळणारा भाव ह्यांत अंतर असते, आणि ते शेतकऱ्यांच्या संघटनेलाच कापावे लागते. नावाची मालकी उत्पादकांच्या संस्थेकडे राहिली पाहिजे, हा ह्यातून निघणारा निष्कर्ष आहे; नावच नको, हा नव्हे.

मग करावयाचे काय? प्रथम, एका गावाने अथवा एका शिवाराने एकच वाण लावावे. 'एक गाव, एक वाण' ही घोषणा कृषिखात्याला अपरिचित नाही. तिची अंमलबजावणी तेवढी हवी. त्यासाठी रोहिणी नक्षत्रापूर्वी प्रमाणित बियाणे गावात पोहोचले पाहिजे. आषाढात आलेले बियाणे हे न आल्यासारखेच. दुसरे, थोडा माल वेगळा ठेवून वेगळा भरडून देणारी, कणी कमी पाडणारी आधुनिक गिरणी कर्जतला सहकारी तत्त्वावर चालली पाहिजे. दहा पोत्यांच्या शेतकऱ्यालाही आपले वाण शुद्ध ठेवता आले पाहिजे. तिसरे, कर्जतच्या केंद्राने आपल्या एकदोन वाणांना नाव द्यावे, त्याच्या शुद्धतेची ग्वाही द्यावी, आणि त्या नावाचा वापर कोणी करावयाचा ते उत्पादकांच्या संस्थेशी करार करून ठरवावे. विद्यापीठ म्हणजे दुकान नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याने वाण जन्माला घातले त्याने त्याच्या बारशालाही उपस्थित राहावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

चौथे, सरकारने आपणच पहिले गिऱ्हाईक व्हावे. ह्या भागातील आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत मुले रोज भात खातात. तो भात तालुक्यातील नाव असलेल्या वाणाचा आणि आठवड्यातून एकदा मासा तालुक्यातील तळ्याचा असावा, असा निर्णय घेण्यास नवीन कायदा लागत नाही. खरेदीच्या अटी बदलाव्या लागतात. ठरलेले गिऱ्हाईक असले म्हणजे शेतकरी तळ्यातील मासा एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढील, आणि व्यापाऱ्याशी बोलतानाही त्याचा आवाज थोडा चढा राहील. पाचवे, कर्जत, नेरळ आणि खोपोली ह्या स्थानकांवर उत्पादकांच्या संस्थांना कायमची जागा मिळावी. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली, त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. डोंगरातील बायका अजूनही शेवळे, टाकळा आणि कर्टुली टोपलीत घालून स्थानकाबाहेर उन्हात बसतात. शनिवार-रविवारी विश्रांतीसाठी येणारी शेकडो कुटुंबे त्यांच्यासमोरून जातात. बाजार समोर उभा आहे. त्याला बसावयास एक ओटा तेवढा हवा.

शेवटी एक शब्द आमच्या वाचकांना. मुंबईने भिवपुरी-खोपोलीची वीज शतकभर वापरली. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबई पिते. सुट्टीची हवा कर्जतची, पावसाळ्यातील धबधबे कर्जतचे, आणि ऐपत असल्यास जमिनीचा तुकडाही कर्जतचाच. ह्या भूमीपासून शहराने घ्यावयाचे ते सर्व घेतले. फक्त तिचा भात घेतला नाही. तो चांगला नाही म्हणून नव्हे, तर त्याचे नाव कोणी सांगितले नाही म्हणून. नाव सांगण्याचे काम विद्यापीठाचे, उत्पादकांचे आणि सरकारचे आहे, आणि त्यांनी ते टाळू नये. परंतु मागण्याचे काम ग्राहकाचे आहे. पुढील महिन्याचे वाणसामान भरताना दुकानदाराला कर्जतच्या तांदळाविषयी विचारावे. तो नाही म्हणेल. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावे. व्यापाऱ्याला संशोधनाचे अहवाल वाचावयास सवड नसते. परंतु दहा गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रश्न तो विसरत नाही, आणि अकराव्याच्या आत तो माल कोठे मिळेल ह्याची चौकशी करू लागतो. त्या चौकशीला कर्जतहून उत्तर जाईल अशी सिद्धता येत्या खरिपापूर्वी झाली पाहिजे.